विड्याची गाडी

हेमंतातली, तिन्हीसांजेआधीची ती घटका. वेंगुर्ल्याच्या माडांवरून ऊन खाली उतरतं; केशरी, मधाळ, मंदगती ऊन. पडवीच्या लाल कोब्यावर ते लांबच लांब पसरतं आणि सोबतीला माणूस शोधतं. माणूस एकच आहे, वामनराव परुळेकर.

खुर्चीत बसून हा वृद्ध गृहस्थ काय करतो म्हणाल, तर गाडी दुरुस्त करतो. रिमोटवर चालणारी, जुनी, तांबडी, खेळण्यातली गाडी. त्यांच्या लेकीच्या, मेधाच्या, मामानं ती भाचीसाठी मस्कतहून आणली होती. लेकीचं मन चार दिवसांत उडालं. जीव जडला तो तिच्या आईचा, शालनचा.

अहाहा, काय थाट होता त्या गाडीचा! नवराबायकोत अबोला झाला की शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, गाडीच्या टपावर विडा ठेवायची, आणि घुर्र करीत तो हरितवर्ण, लवंग टोचलेला विडा वामनरावांच्या खुर्चीपाशी यायचा. आलेला विडा परतवायचा नाही, हा घरचा कायदा. विडा तोंडात गेला की अबोला संपला.

मग गाडी बंद पडली. "एवढी दुरुस्त करून द्या हो," ती म्हणायची. "बघू," हे म्हणायचे. बघू, बघू, बघू! त्या मेल्या 'बघू'नं किती घरांचं वाटोळं केलं असेल!

आणि एका दुपारी आमटीत गूळ जास्त झाला म्हणून हे फणकारले. ती गप्प झाली, मग हेही गप्प झाले. हट्टी ती, हट्टी हे, आणि विडा आणायला गाडी नाही. त्या अबोल्यातच, पहाटेच्या झोपेत, शालन गेली.

पडवीच्या टोकाला आता तिची तसबीर आहे. वामनराव तिला रोज ताजी फुलं वाहतात, पण तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. अबोला मोडायचा तर विड्यानंच, आणि विडा जायचा तर गाडीनंच. एरवी बोलणं त्यांना लबाडी वाटते.

"बाबा, पुन्हा ते खेळणंच? इकडे या ना राहायला," नागपूरहून मेधा फोनवर कळवळते.

"येतो गं. आधी हे होऊ दे." काय व्हायचंय, ते सांगत नाहीत.

शिरा उमटलेल्या हातांनी त्यांनी सेलच्या घरातला हिरवा-पांढरा गंज लिंबानं घासला. तुटकी तार डाग देऊन जोडली. पुढच्या चाकांचा दांडा वाकला होता, म्हणून गाडी सदा उजवीकडे ओढायची; तो ठोकून सरळ केला.

आज रिमोटवरचा दिवा लागला. आज चाकं फिरली.

शालन उभी राहायची तिथंच, त्याच दारात, ते उभे राहिले. विडा लावला, टपावर ठेवला, समोरच्या तसबिरीवर नेम धरला. गाडी निघाली, आणि मध्येच आपसूक डावीकडे वळून त्यांच्याच रिकाम्या खुर्चीला जाऊन टेकली.

"आता काय बिघडलं?" ते पुटपुटले. पुन्हा सोडली. पुन्हा खुर्चीपाशीच.

मग त्यांनी रिमोट उन्हात धरला. गाडीची चाल सरळ करायचं एक बारीकसं बटण असतं. ते डावीकडे फिरवलेलं होतं. गाडी उजवीकडे ओढते म्हणून शालननं कधीतरी ते तसं बसवलं होतं, आणि त्याच्या खाचेत हळद अजून पिवळी होती. अरे शहाण्या, दांडा सरळ केलास, बटण तसंच ठेवलंस!

ते मध्यावर आणायला अंगठा पुढे झाला. तिथंच थबकला, आणि मागे आला.

रिमोट उंबऱ्यावर ठेवून वामनराव हळूहळू पडवी ओलांडून गेले. आपल्या खुर्चीत बसले. वाकून टपावरचा विडा उचलला आणि तोंडात घातला. चावता चावता डोळे वाहू लागले. एकट्यानंच मनसोक्त रडले ते.

मग तसबिरीकडे पाहून म्हणाले, "शालन, आमटी चांगली झाली होती गं."

ऊन कोब्यावरून सरकलं, उंबऱ्यावरच्या रिमोटवरून सरकलं, तांबड्या टपावर क्षणभर थांबलं, आणि गेलं.