मशीनचा पट्टा

भिंगरीला तिच्या आईने पाढे शिकवले ते पायमशीनवर. आई लोकांचे पडदे शिवायची, भिंगरी मशीनला टेकून उभी राहायची आणि पायाच्या ठेक्यावर दोघींची गाडी सुटायची. सात एके सात, खडखड. सात दुणे चौदा, खडखड. चुकलं की मशीन थांबायचं, भिंगरी हात पुढे करायची आणि त्यावर फूटपट्टी बसायची. आईची स्वतःची शाळा साताच्या पाढ्यापाशीच सुटली होती, त्यामुळे त्या पाढ्यावर तिचा विशेष दात.

"अगं, खेळू दे की तिला जरा," बाप म्हणायचा.

"हो, खेळू दे! आणि मग बसू दे माझ्यासारखी लोकांच्या खिडक्या झाकत!"

बाप चहाच्या कपात बघायचा. त्याचं धाडस चहा गरम असेपर्यंतच टिकायचं.

भिंगरी या इयत्तेत एकदा नापास झालेली. आजच्या तोंडी परीक्षेतही नापास झाली, तर पुन्हा त्याच वर्गात, आणखी लहान पोरांमध्ये. बाईंनी आयांना मागच्या भिंतीशी बसू दिलं होतं.

"साताचा पाढा," बाई म्हणाल्या.

भिंगरी उठली. बाकाखाली तिचा उजवा पाय हलू लागला, टाच, चवडा, टाच, चवडा, आणि पाढा झरझर बाहेर पडत गेला. आईने शेजारणीकडे बघून घेतलं.

"पाय!" बाई कडाडल्या. "सरळ उभी राहा. नाचायला आलीस का?"

पाय थांबला. पाढाही थांबला.

"पुढे? बरं, पाढा राहू दे. आठ आठवड्यांचे दिवस किती?"

बाईंनी चंद्राचं वजन विचारावं, तशी भिंगरी बघत राहिली.

आईला राहवेना. "बाई, हलवू द्या ना पाय. येतं हो तिला सगळं!"

"अहो ताई, परीक्षा डोक्याची आहे, पायाची नाही."

वर्ग खदखदून हसला. भिंगरी नाही हसली. तिने मुकाट्याने उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि डोळे मिटून घेतले.

"हात कशाला?" बाईंना कळेना. "मी कुठे मारते तुला?"

आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी भिंगरीच्या नावापुढे फुली मारली आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

घरी पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. आईने सुईखाली कापड सरकवलं, पाय मारला. खडखड.

"सात एके सात," कोपऱ्यातून आवाज आला. भिंगरी भिंतीकडे तोंड करून उभी होती. "सात दुणे चौदा..."

आईचा पाय जागीच थिजला. शांतता झाली तशी लेक चालत आली आणि हात पुढे केला.

"नको गं बाळा. मी विचारलं नाही काही. जा, खेळ जा."

भिंगरी हलली नाही. खेळायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आईने फूटपट्टी कपाटावर फेकली. खडखड होऊ नये म्हणून मशीनचा पट्टा काढून ठेवला. चाक हाताने फिरवून एकेक टाका घालू लागली.

"अशाने पडदे कधी व्हायचे?" बापाने विचारलं.

"होतील तेव्हा होतील."

एक टाका घालायचा, थांबायचं, लेकीकडे बघायचं. पण थांबलं की तो तळवा जरासा आणखी पुढे यायचा.