युनियनवाल्या जावयाचे पाय

जावयाचे पाय धुणं हे काही कुणाच्या जिवावर यावं असं काम नव्हे. परात घ्यायची, तांब्याभर पाणी ओतायचं, पुसायचं, झालं. पण त्या रविवारी घनश्यामभाऊजींचे पाय धुण्याऐवजी ते मोडायला सांगितलं असतं, तर कपिल बाह्या सरसावून पुढं झाला असता.

अधिक महिना चालू होता. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे आणि मग पुरणाचे धोंडे तुपासोबत खाऊ घालायचे, ही कळंबच्या त्या घरातली रीत. वडील होते तोवर पाय धुवायचं त्यांच्याकडं असायचं. वडील गेले आणि तो मान साळ्याकडं, म्हणजे कपिलकडं आला. मान! कसला डोंबलाचा मान? हाच जावई उद्या आपल्या हातानं सही करून कपिलला कामावरून घालवणार होता.

दोघंही नागपूरच्या विमानतळावर, विमानात बॅगा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ठेकेदार कंपनीत होते. भाऊजी तिथले जुने लोडर आणि युनियनचे सेक्रेटरी. त्यांनीच शब्द टाकून कपिलला चिकटवलं होतं. तो बॅगांच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. उन्हाळ्यात विमानांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि कंपनीनं माणसं कमी करायचं काढलं. कुणाला काढायचं ते आम्ही ठरवू, असं कंपनीचं म्हणणं. तसं झालं असतं तर कंबर-गुडघे गेलेले जुने लोक घरी गेले असते आणि कपिलसारखा तरणाबांड ड्रायव्हर राहिला असता. पण युनियन भांडली. काढायची माणसं निम्म्यावर आणली आणि वर नियम मान्य करून घेतला, की जो शेवटी आला तो आधी जाईल. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. शेवटी आलेल्यांत कपिल होता.

कपिल काही मूग गिळून बसला नव्हता. शिफ्टचे मॅनेजर सलील साहेब यांनी त्याला कॅन्टीनच्या मागं बोलावून सांगितलं होतं, युनियन सोडतो असं लिहून दे, पुढचं आम्ही बघतो. त्यानं दिलं. नुसतं स्वतःचं नाही, नव्या पोरांना एकेक करून फोडलं आणि त्यांनाही तसंच लिहून द्यायला लावलं. आज दुपारी साहेबांचा फोन येणार होता. म्हणून मोबाइल खिशात होता आणि लक्ष सगळं खिशात. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता.

"जवाईबापू, बसा पाटावर," कपिलची आई इंदुताई म्हणाली. "कपिल, परात आन रे."

त्यानं परात आणली आणि आदळली. टाकीचं पाणी मे महिन्यातलं, चांगलंच तापलेलं. त्यानं ते तसंच ओतलं.

"चटका बसते ना बे!" भाऊजींनी पाय वर घेतला.

"उनाचं पानी हाये. गारच पाह्यजे असन तं पुढच्या धोंड्याच्या महिन्यात या."

भाऊजींच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. कधीकाळी बॅगांच्या गाडीखाली पाय सापडला होता. कपिलनं तो अंगठाही भांडं घासावं तसा घासला. त्याला कीव आली नाही, उलट बरं वाटलं.

"तोंड काहून वाकडं करून राह्यला?" भाऊजी म्हणाले. "राग असन तं बोल."

"बोलू काय? जेवन गोड लागन तुमाले?"

"आज सनाचं नको रे बाप्पा," इंदुताई म्हणाली.

"माय, तू मले याह्यचे पाय धू म्हनतं, अन् हे उद्या माह्याच पोटावर पाय देऊन राह्यले!"

"नियम सगळ्याह्यले सारखा हाये," भाऊजी म्हणाले. "तुह्यासाठी वाकवला तं उद्या सायब त्याच्या भाच्यासाठी वाकवन. मंग मी कोन्या तोंडानं भांडू?"

"घरच्या मानसाच्या कामी नाई आली तं तुमची युनियन हाये कायले? त्या कंबर गेलेल्या बुढ्याह्यसाठी?"

"हो, त्याह्यच्यासाठीच हाये. त्याह्यची कंबर काय घरी लोळून गेली? बॅगा उचलून गेली. तुही बी जाईन."

"आजवर दिलं काय युनियननं? एक पान्याचा कूलर!"

वैष्णवी हातात झारा घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती कपिलची थोरली बहीण. लहानपणी त्याच्यासाठी गल्लीतल्या पोरांशी मारामाऱ्या करणारी, आता नवऱ्याच्या बाजूनं उभी.

"जिभीले हाड हाये का नाई तुह्या? तुले कामावर कोनं चिकटवलं?"

"याह्यनंच चिकटवलं ताई, अन् आता हेच खरवडून राह्यले."

"महिनाभर मी याह्यले सुखानं जेवताना पाह्यलं नाई. कंपनी काढनार होती त्याच्यातले अर्धे लोकं वाचवले याह्यनं!"

"त्या अर्ध्यात मी नाई ना!" कपिल ओरडला.

सगळं भांडण एवढ्याच एका गोष्टीचं होतं, आणि कपिल त्यात खोटं काहीच बोलत नव्हता. वैष्णवीनं पाय पुसायचा टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि ताटं वाढायला घेतली.

जेवायला बसले, पण कुणी कुणाकडं बघेना. इंदुताई एकटीच "घ्या ना, तूप घ्या ना" करत फिरत होती. भाऊजींचा दुसरा धोंडा संपत आला तेव्हा कपिलचा मोबाइल वाजला. तो उष्ट्या हातानंच अंगणात गेला. परत आला तेव्हा चेहऱ्यावर असं हसू होतं, की बघणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी.

"भाऊजी, उद्याची तुमची सही क्यान्सल."

"म्हंजे?"

"मी युनियन सोडली. नवे पोरं बी सोडून आले. आता अर्धे लोकं बी नाई तुमच्यासंग. कंपनी कोनासंग बोलनार? कोनाले ठेवाचं ते कंपनीच ठरवनार. मी राह्यलो."

भाऊजींनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि विचारलं, "अन् मी?"

सलील साहेबांनी तेही सांगितलं होतं, हसत हसत सांगितलं होतं. कपिल खाली मान घालून ताटाशी बसला आणि वैष्णवी काय समजायचं ते समजली.

"माह्या नवऱ्याले काढलं?" ती म्हणाली. "तू काढवलं?"

"मी त्याह्यचं नाव नाई घेतलं ताई. मी फक्त माहं..."

"फक्त तुहं! आजपासून मले ताई म्हनू नको. मी मेली म्हन." तिनं तुपाची वाटी त्याच्या ताटासमोरून उचलली, जणू परक्या माणसाच्या पुढ्यात चुकून ठेवली गेली होती. इंदुताई भिंतीला टेकून बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. पोराला शिव्या द्याव्यात की जावयाच्या पाया पडावं हे तिला कळेना.

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी कपिल उठला नाही.

"हो सर... हो... पन सर, ट्रॅक्टर बी मीच अन् लोडिंग बी मीच?... दोन्ही शिफ्ट? रोज?... सुट्टी... सर, आयका तं..."

पलीकडून फोन ठेवला गेला होता. माणसं कमी, तर काम राहिलेल्यांनीच ओढायचं, महिनाभर सुट्टी नाही, जमत नसेल तर उद्या येऊ नकोस, इतकं साधं होतं ते. सलील साहेबांनी आवाजही चढवला नव्हता.

नोकरीला लागल्यापासून कपिलला एक खोड लागली होती. मुकादम शिवी देवो, रजा नाकारो, की जादा काम लावो, पहिला फोन भाऊजींना. भाऊजी जाऊन उभे राहायचे आणि मिटायचं. त्यानं कधी ते मोजलं नव्हतं, लक्षातही ठेवलं नव्हतं. आताही डोक्यात काही यायच्या आधी तोंड बोलून गेलं.

"भाऊजी, असं करता येते काय त्याह्यले?"

घनश्यामभाऊजींनी ताटातला राहिलेला तुकडा उचलला, तुपात बुडवला, सावकाश चावून खाल्ला. मग साळ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"कालपर्यंत येत नव्हतं," ते म्हणाले. "आता येते."