लिंबाचा डोस

गल्लीत त्यांना सगळे थेंबेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दवाखान्यात कंपाउंडर असताना औषध थेंबाथेंबाने मोजायला ते इतका वेळ लावत, की रांगेतला पेशंट तेवढ्यात आपोआप बरा व्हावा. तेव्हापासून हे नाव चिकटलं. निवृत्त झाले तरी मोजमापाचं खूळ काही गेलं नाही. आता पेशंट एकच उरला होता, गॅलरीतल्या कुंडीतलं लिंबाचं झाड.

झाड सुनेचं. तिची आई गेली आणि माहेरचं घर विकलं गेलं, तेव्हा भावंडांनी भांडी घेतली, कपाटं घेतली. हिने तेवढी ती कुंडी मागून घेतली. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची तिची नोकरी, ड्यूटी वेळीअवेळी. नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, जहाजावर. "बाबा, याचं सगळं तुम्हीच बघा, मी हात लावणार नाही," असं म्हणून तिने झाड सासऱ्यांच्या हवाली केलं. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यांनी लगेच पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र आणलं. दर आठवड्याला कुंडीत साधं पाणी घालायचं, खालच्या ताटलीत झिरपेल ते वाटीत घ्यायचं आणि त्यात यंत्र बुडवायचं. आकडा उतरला तर झाड उपाशी, चढला तर मातीत खत साचलंय. त्यावरून खताच्या बाटलीतून किती काढायचं ते ठरवायचं, आणि तेही सिरिंजने. झाडाला हा पाहुणचार मानवला. पानं हिरवीगार झाली.

मग एक दिवस पानांची टोकं करपलेली दिसली. आकडाही चढला होता. काकांनी डोस निम्मा केला. आकडा आणखी चढला. काकांनी खत बंदच करून टाकलं. तरी आकडा आपला वरच.

यंत्रच बिघडलं म्हणावं, तर नळाच्या पाण्यात ते शहाण्यासारखं वागत होतं. तेव्हा काकांनी खताची बाटली उचलून उजेडात धरली. खत बंद होतं, आणि बाटली मात्र चांगली बोटभर उतरली होती.

घरात माणसं दोन. त्यातलं एक कुंडीला हात लावत नाही. म्हणजे खत आपणच घालतो आणि विसरून जातो. मागे त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, तेव्हा सासरा-सून पोट धरून हसले होते. ते आठवून आता त्यांना घाम फुटला. सुनेच्या आईचं झाड हातचं चाललं होतं, हे तर होतंच. पण डोकंच दगा द्यायला लागलं, तर उद्या आपल्यावर भरवसा कुणी ठेवायचा?

दोन दिवस त्यांनी ही धास्ती मनातच घोळवली. शेवटी सून दुपारी ड्यूटीवरून आली, तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं.

"तुझं झाड मी मारतोय," ते म्हणाले. "खत मी बंद केलंय. म्हणजे मला तसं वाटतंय. पण बाटली उतरतेय. मी घालतो आणि माझ्या लक्षात राहत नाही. ती कुंडी तू तुझ्या खोलीत ने."



"बाबा, बाटली मी उतरवलीय."

"तू?"

"मधे बघितलं तर बाटली जराही उतरलेली दिसेना; तुमच्या सिरिंजभर खताने ती काय उतरणार, हे तेव्हा सुचलंच नाही. मला वाटलं, तुम्ही खत घालायचं विसरताय. ते तुम्हाला तोंडावर कसं सांगू? म्हणून तुम्ही दुपारी आडवे झालात की गुपचूप घालायचे. मग टोकं करपली. म्हटलं, अजून कमी पडतंय. म्हणून वाढवलं."

"कशाने मोजून?"

"झाकणाने. अंदाजे."

"अंदाजे," काका म्हणाले. खुनाची कबुली ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "एक्स-रेसुद्धा अंदाजेच काढतेस का गं?"

सून हसायला लागली आणि तिला ते आवरेना. हसता हसता ती डोळे पुसत होती. काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोकं शाबूत होतं, अगदी मोजूनमापून शाबूत होतं.

दोघांनी मिळून कुंडी बाथरूममध्ये नेली. मातीत साचलेलं खत धुवून काढायला काका मगावर मग साधं पाणी सोडत राहिले, खालून पिवळट पाणी वाहत राहिलं. सून मधूनमधून यंत्र बुडवून आकडा ओरडून सांगत होती, आणि आकडा उतरत होता. करपलेली पानं आता सुधारणार नव्हती, पण झाड वाचणार होतं.

तेवढ्यात सून "आलेच" म्हणून बाहेर गेली. काकांना तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला.

"उद्याची वेळ घेतली होती, ती रद्द करायचीय. हो, विसरण्याच्या तक्रारीसाठी. वडिलांसाठी घेतली होती... नाही, पुढची तारीख नको. ते ठणठणीत आहेत."

काकांचा हात मगावर तसाच थांबला. आपल्या पाठीमागे डॉक्टर ठरला होता, याचा खरं म्हणजे त्यांना राग यायला हवा होता. पण जी धास्ती त्यांनी दोन दिवस भोगली, ती ही पोरगी कधीपासून एकटीच उरात घेऊन ड्यूटी करत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नाक ओढलं, हातातला मग पुन्हा भरला आणि ते कुंडीत सावकाश पाणी सोडायला लागले.