सिनालेई कुणात खेळणार

शेजारच्या गावाच्या बायकांशी आमची क्रिकेटची मॅच होती. आमची सिनालेई बॅट खांद्यावर टाकून आली, तशी त्यांची कप्तान फुआतिनो खेळपट्टीवरच फतकल मारून बसली.

"हा बाप्या आहे. बायकांत चालायचा नाही."

सिनालेई माझ्या बहिणीचं लेकरू. जन्मली तेव्हा अपिया शहरातल्या डॉक्टरांनी आधी मुलगी सांगितली, मग मुलगा, मग म्हणाले, अंगावरून नीट कळत नाही, थांबू या. बहिणीनं मुलगा म्हणून वाढवलं. पण पोर चालायला लागल्यापासून बायकांतच रमली, पुढं नावही स्वतःच ठेवून घेतलं. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाईच्या रीतीनं राहणाऱ्यांना आमच्या सामोआत फाआफाफिने म्हणतात, घरटी एखादी असतेच. शेजारच्या गावाचं दुखणं वेगळं होतं. सिनालेईचे फटके थेट समुद्रात जात.

"तिची मिशी बघा," फुआतिनो म्हणाली.

"तुमच्या विकेटकीपरला बोलावू का?" आमची कप्तान आसेनाती म्हणाली. विकेटकीपरनं हळूच तोंडावर हात ठेवला.

"पण तिला मूल कुठं होणार आहे?"

अंपायर म्हणून पाद्रीबाई उभ्या होत्या. "मलाही झालं नाही, फुआतिनो. मी पुरुषांत जाऊन बसू?"

फुआतिनो ओशाळली, पण उठली नाही. "तसं नव्हे हो. दंड बघा तिचे."

"काल डुक्कर एकटीनं खांद्यावर टाकून कुणी आणलं गं?" आसेनाती म्हणाली.

सिनालेई बॅट टेकत पुढं आली. म्हणाली, "डॉक्टरांना महिनाभर डोकं लावून जमलं नाही, ते तुम्ही जेवणाआधी उरकताय होय?" सगळ्या हसल्या. ती मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, मी घरी जाते."

"जाऊन तर बघ," मी म्हटलं.

पाद्रीबाईंनी निकाल दिला. "चर्चमध्ये ती बायकांच्या बाकावर बसते. मैदान चर्चचंच आहे. खेळू दे."

सिनालेई पहिल्याच चेंडूवर आउट झाली.

आसेनातीनं कपाळाला हात लावला. "हिला पुरुषांत पाठवा कुणीतरी."

"खबरदार," फुआतिनो म्हणाली. "निकाल झालाय. ती बाईच आहे, आणि दुसऱ्या डावातही तिला खेळवायचीच."

खेळवली. एक फटका समुद्रात गेला, तरी आम्ही हरलोच. परतताना वाटभर बायका तिला फाडून खात होत्या. "डोळे काय घरी ठेवून आली होतीस, भवाने?" आणि ही आपली गालातल्या गालात हसतेय.

"लाज वाटते का काही?" मी विचारलं.

"अगं मावशी, केव्हाच्या शिव्या देतायत," ती हळूच म्हणाली, "पण एकीच्याही तोंडून 'मेल्या' आलं नाही."

मग वळून तिनं आसेनातीला सुनावलं, "आणि तो सोपा झेल कुणी सोडला गं?" पुढचं भांडण घर येईपर्यंत पुरलं.