दादाची चुगलखोर डबी

माझा थोरला भाऊ म्हणजे जन्माचा हेकट. विमान चालवायला मला त्यानेच शिकवलं, आता मी इतरांना शिकवते. पण स्वतःच्या दोन माणसांच्या विमानात ट्रान्सपाँडर बसवून घ्यायला त्याने मला किती नाचवलं, विचारू नका. आपण कुठे आणि किती उंचीवर आहोत, ते इतर विमानांच्या पडद्यावर दाखवणारी ही डबी. दादा तिला चुगलखोर म्हणायचा. आपण उडतोय हे जगजाहीर कशाला करायचं, असा त्याचा सवाल. शेवटी मी बोलणं टाकलं, तेव्हा स्वारी वठणीवर आली.

आमच्या धावपट्टीला टॉवर नाही. प्रत्येकाने रेडिओवर आपला ठावठिकाणा सांगायचा आणि दुसऱ्याचा ऐकायचा, एवढ्यावर सगळं चालतं. सांगण्यात दादा पक्का. प्रत्येक वळणावर त्याचा खणखणीत आवाज यायचा.

त्या सकाळी माझ्या शिष्या, दातांच्या डॉक्टरीणबाई, एकट्याच उडत होत्या. मी हँगरच्या दारात हातातला रेडिओ घेऊन उभी. बाईंनी सांगितलं, उतरायला सरळ धावपट्टीकडे येतेय. पाठोपाठ दादानेही तेच सांगितलं, अगदी निवांत. मी वर पाहिलं. दादा खाली, बाई बरोबर त्याच्या डोक्यावर, आणि दोघंही उतरतायत. बाई, वर जा, असं मी ओरडले. पण नेमका तेव्हाच दादा पुन्हा बोलायला लागला, आणि दोघं एकदम बोलले की रेडिओवर कुणाचंच धड कळत नाही. नशीब, बाईंना पडद्यावर आपल्याखाली दादाची खूण दिसली आणि त्यांनी विमान वर उचललं.

दादा उतरला, शीळ घालत आला आणि चहा आहे का म्हणाला. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. त्याचं आपलं एकच, मी प्रत्येक वळणावर सांगितलं होतं.

"सांगितलंस रे. ऐकलंस का?"

तो हेडसेटची वायर गुंडाळत बसला. मग हळूच म्हणाला, गेल्या हिवाळ्यापासून कानात नुसती खरखर येते. मला पटेना. माझ्याशी तर रोज नीट बोलतोस की, मी म्हटलं.

"तुझं तरी कुठे ऐकू येतं? तू काय म्हणणार ते मला ठाऊक असतं," तो म्हणाला. "लहानपणापासून तेच तर म्हणतेयस."

हसावं की रडावं, मला कळेना. एवढा धिप्पाड माणूस, पण मान वर करेना. विमानाची किल्ली त्याने आपणहून माझ्या हातात ठेवली. आता जमिनीवरच बसायचं, हे त्याने गृहीतच धरलं होतं. मला इतकी माया आली त्याची, की राग कुठल्या कुठे गेला.

"उद्यापासून मी शेजारी बसेन," मी म्हटलं. "ऐकायचं काम माझं. चालव तू."

काय म्हणालीस, असं त्याने विचारलं. असं मी त्याला उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्याला अंदाजच बांधता आला नाही. मी त्याच्या कानाशी गेले आणि पुन्हा सांगितलं.