अडला की बोलेल

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या त्या फ्लॅटमध्ये रविवारची सकाळ चंदनच्या हुकमाने सुरू व्हायची. सुभाषराव पेपर उघडून चहाचा कप तोंडाला लावणार, एवढ्यात चंदन आपल्या खुर्चीच्या फळीवर ठेवलेल्या चित्रांच्या तक्त्यावर बोट आपटायचा. आधी 'बाबा', मग 'चहा', मग 'नको'. म्हणजे बाबांना चहा नको, तो इकडे द्या.

"घ्या. नऊ वर्षांचा पोरगा बापाच्या कपावर डोळा ठेवून बसलाय," सुभाषराव म्हणायचे आणि दोन घोट त्याला पाजायचे. अंबिका स्वयंपाकघरातून ओरडायची, की चहाने पोराची भूक मरते. चंदन मान डुगडुगवत हसायचा आणि 'आई' या चित्रावर बोट ठेवून लगेच 'राग' या चित्रावर न्यायचा. त्याची मोठी बहीण रसिका हसून लोटपोट व्हायची.

चंदनला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय साथ देत नव्हते, हात वेडेवाकडे जायचे, तोंडातून 'आं' याखेरीज काही फुटत नव्हतं. त्याला काही कळतच नाही, असं सात वर्षं घरादाराने धरून ठेवलं होतं. मग मीरा रोडलाच विशेष मुलांचा वर्ग चालवणाऱ्या वासंती मॅडम भेटल्या. त्यांनी पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून, वर प्लास्टिक चढवून हा तक्ता बनवला. चित्रं कापायला रसिकाच बसली होती. वरच्या ओळीत माणसं, मध्ये खाणं आणि खेळ. खालच्या डाव्या कोपऱ्यात रडका लाल चेहरा, म्हणजे 'दुखतंय'. त्याच्या शेजारी कान, मग डोकं, पोट, दात.

"चित्रांच्या जागा कधी बदलू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्याच्या बोटाला त्या पाठ होऊ द्या. तुम्हीही त्याच्याशी बोलताना चित्रावर बोट ठेवा, म्हणजे हीसुद्धा बोलण्याची रीत आहे हे त्याला पटेल. आणि तक्ता त्याच्यापासून लांब नेऊ नका. आपण झोपताना जीभ काढून कपाटात ठेवतो का?"

"पण मॅडम, चित्रांची सवय लागली तर तो बोलायचा आळस करेल ना?" सुभाषरावांनी विचारलं होतं.

"उलट आहे. ज्याचं ऐकून घेतलं जातं, तो जास्त प्रयत्न करतो."

सुभाषरावांनी मान हलवली होती. शिकल्यासवरल्या माणसाची मान हलवण्याची सवय आणि पटण्याची सवय या दोन निराळ्या असतात. त्यांना ते पुरतं पटलं नव्हतं.

रसिका बी.कॉम. होऊन भाईंदरला एका ऑफिसात नोकरीला लागली आणि घरात स्थळांची चर्चा सुरू झाली. पहिलं स्थळ आलं तेव्हा चंदन बाहेरच्या खोलीतच होता. पाहुणीबाईंनी पोह्यांची डिश संपवून दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा त्याने तक्त्यावर 'काकी', 'पोट', 'मोठं' असं एकापाठोपाठ दाखवलं. रसिकाला हसू आवरेना. पाहुण्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांची नजर त्याच्या ओघळणाऱ्या लाळेवर आणि वाकड्या बोटांवर खिळली होती. चार दिवसांनी निरोप आला: मुलगी पसंत आहे, पण घराण्यात तसलं आहे.

'तसलं' हा आपल्या समाजातला मोठा सोयीचा शब्द. त्यात आजार येतो, व्यंग येतं, वेड येतं, आणि माणूस तेवढा गळून पडतो.

निरोप ऐकताच सुभाषरावांची बहीण सुगंधा धावत आली. भावाच्या घरातल्या सगळ्या सोयरिका हिच्याच हातून जमायच्या.

"सुभाष, हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. वसईचं स्थळ आहे, मुलगा कुलदीप, कंपनीत पर्मनंट. मी सांगून टाकलंय, मुलगी एकुलती एक आहे म्हणून."

"आणि चंदन?" अंबिकेने विचारलं.

"त्याला मुर्ध्याला ठेवू. इंदुवहिनी बघतील. लग्न होईस्तोवरचा तर प्रश्न आहे, वहिनी. मग आण परत, कोण नको म्हणतंय?"

मुर्धा हे सुभाषरावांचं मूळ गाव. थोरल्या भावाचं कुटुंब अजून तिथेच होतं. भाऊ वारला, पण भावजय इंदुबाई खाडीच्या अंगाला घर आणि थोडी जमीन धरून होत्या. बाई प्रेमळ, चंदनवर माया करणारी. बिचारीचा दोष एवढाच, की तिला जे सांगितलं ते तिने केलं.

अंबिका त्या संध्याकाळी भांडली. खूप भांडली. आणि मग उठून चंदनचे कपडे पिशवीत भरू लागली. आपल्याकडच्या आया अशाच भांडतात, निकाल आधी लागलेला असतो. तिने तक्ता कपड्यांच्या वर ठेवला, तर सुगंधाने तो काढून घेतला.

"हा कशाला? गावात पोरं जमतील बघायला, चार ठिकाणी बोभाटा होईल. मुर्ध्याच्या दोन मुली वसईला दिल्यात, विसरलीस? आणि मी सांगू? या चित्रांनीच त्याला आळशी केलंय. बोट ठेवलं की सगळं हातात. राहू दे काही दिवस याच्याशिवाय. अडला की बोलेल."

"मॅडम म्हणाल्या होत्या..."

"मॅडमना पोरगी उजवायची नाहीये," सुगंधा म्हणाली.

मनातून सुभाषरावांनाही तसंच वाटत होतं. अडला की बोलेल! मुलगा अचानक 'बाबा' म्हणून हाक मारेल, ही आशा त्यांनी नऊ वर्षं कुणाला न सांगता जपली होती. त्या आशेपायी त्यांनी, मुलगा रोज सकाळी बोटाने मारत असलेली 'बाबा' ही हाक कधी हाक म्हणून मोजलीच नाही.

"रसिका, ठेव गं तो तक्ता कपाटावर," ते म्हणाले.

आणि रसिकाने तो ठेवला. तिला कुलदीपचा फोटो आवडला होता. तिचं वय चोवीस होतं आणि एकदा नकार पचवून झाला होता. चंदन खुर्चीतून बघत होता. तक्ता वर गेला तसा त्याने 'आं' केलं, पुन्हा केलं, मोकळ्या फळीवर बोट आपटत राहिला.

कुलदीपच्या घरच्यांना मुलगी पसंत पडली. साखरपुडा झाला, त्यांचं येणंजाणं वाढलं. बेव्हर्ली पार्क ते मुर्धा अंतर ते केवढं, रिक्षात बसलं की आलंच. पण सुगंधाने बजावलं होतं, की सारखी जाऊ नकोस, तुला बघून पोर हळवं होतं. अंबिका सुरुवातीला जाऊन आली. नंतर साड्यांची खरेदी, हॉलचं बुकिंग, पत्रिका. ती फोन करायची. इंदुबाई फोन चंदनच्या कानाला लावायच्या.

"बरा आहेस ना रे राजा?" अंबिका विचारायची.

पलीकडून 'आं' यायचं. त्या एका 'आं'चा अर्थ आपल्याला हवा तसा लावायची सोय होती आणि तिने ती घेतली.

मग एके दिवशी इंदुबाई म्हणाल्या, "पोर रडतंय गं लय. खात न्हाय, डोकं आपटतंय उशीवर. दृष्ट काढली, वेखंड उगाळून जिभेला लावलं. फरक न्हाय."

"घरची आठवण येत असेल," अंबिका म्हणाली.

"हट्टच हाय जणू. आनि नवीन चाळा लागलाय. पाटावर ठेवा, भुईवर ठेवा, बोटानं एकाच जागी टोचत बसतंय."

हे अंबिकेने ऐकलं आणि सुगंधाला सांगितलं. सुगंधा हसून म्हणाली, "बघ, आता अडलाय. थोडं सोस. बोलेल."

इंदुबाईंनी गावातल्या डॉक्टरला बोलावलं. त्याने विचारलं, काय दुखतंय? आणि विचारलं ते इंदुबाईंना. त्या म्हणाल्या, पोर मुकं हाय, काय सांगनार. ताप आहे म्हणून डॉक्टरने तापाचं औषध दिलं. ताप उतरला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मग ताप पुन्हा चढला.

इंदुबाईंचा फोन आला, "अंबिका, पोराचं लक्षान बराबर दिसत न्हाय, तू ये," तेव्हा वसईची मंडळी जेवायला यायची होती. श्रीखंडासाठी दही टांगलेलं होतं. अंबिकेने ते तसंच सोडलं आणि निघाली.

चंदन चटईवर कुशीवर पडला होता. डोळे अर्धे मिटलेले. आई आल्याचं त्याला कळलं असावं, कारण त्याचा हात हलला. तो चटईवर आला, खाली डावीकडे कोपऱ्यात टेकला, तिथे टोचलं. मग जरासा उजवीकडे सरकला, तिथे टोचलं. पुन्हा कोपरा. पुन्हा त्याच्या शेजारी.

"हाच तो चाळा," इंदुबाई म्हणाल्या.

अंबिका बघत राहिली. चटईवर काही नव्हतं. पण तिने तो तक्ता दोन वर्षं रोज पुसला होता. खाली डावा कोपरा, रडका लाल चेहरा. त्याच्या शेजारी कान.

तिने त्याचं डोकं वळवलं. कानामागे सूज होती, उशीला पिवळा डाग होता.

"वहिनी, याचा कान दुखतोय," ती म्हणाली. "तो सांगत होता."

"कुनाला सांगत व्हता? आमाला कसं कळायचं बाय?"

"तुम्हाला नाही कळणार. मला कळलं असतं. मी इथे नव्हते."

रिक्षात ती "भैया, जल्दी चलो" एवढंच म्हणत होती. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. कानातला पू हाड पोखरून मेंदूपर्यंत गेला होता. त्यांनी विचारलं, "कान कधीपासून दुखतोय याचा?" सुभाषराव, अंबिका, रसिका, सुगंधा, सगळे समोर उभे होते आणि एकालाही सांगता आलं नाही. ज्याला ठाऊक होतं तो आत नळ्या लावून पडला होता.

रसिका घरी जाऊन तक्ता घेऊन आली. धूळ ओढणीने पुसून तिने तो त्याच्या हाताखाली धरला. चंदनचं बोट हललं नाही. सिस्टर म्हणाल्या, "बाजूला ठेवा तो, सलाईनची सुई निघेल." तिने तो बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी चंदन गेला.

वसईच्या मंडळींना काय सांगायचं, हा प्रश्न सुगंधाला, पुरुष माणसं स्मशानातून परत येण्याआधीच पडला होता. पण मुर्ध्याच्या शेजारपाजारचे फोन तिच्या आधी वसईला पोचले. कुलदीपच्या घरी चंदनचा जन्म झाला तो त्याच्या मरणाच्या बातमीने.

ते समाचाराला आले. कुलदीप, त्याचे वडील आणि काका. सुभाषराव हात जोडून पुटपुटले, "आम्ही तुमच्यापासून लपवलं. चूक झाली."

कुलदीपच्या वडिलांनी समजूतदारपणे त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. आपल्यातले बहुतेक असतात तसा होता.

"मुलीचे बाप तुम्ही, समजू शकतो आम्ही. खरं सांगायचं तर आधी कळलं असतं तर घरात विचार झाला असता. पण आता काय त्याचं? पोरगं सुटलं बिचारं. तुम्हीही सुटलात. सुतक फिटलं की पुढची तारीख धरू. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही."

सुगंधाने डोळे पुसले आणि हात जोडले. तिला खरोखरच हायसं वाटलं होतं. सुभाषरावांनी मान हलवली, नेहमीसारखी.

रसिका आतल्या दाराशी उभी होती. ती कुलदीपच्या वडिलांसमोर आली.

"काका, मी लग्न करणार नाही."

"रसिका, आत जा," सुगंधा म्हणाली. "दुःखात आहे ती, मनावर घेऊ नका."

"दुःखात आहे, पण शुद्धीवर आहे. आत्या, तू म्हणालीस अडला की बोलेल. तो अडला आणि बोलला. जसं त्याला बोलता येत होतं तसंच बोलला, मरेपर्यंत बोलत होता. त्याचा तक्ता तूच पिशवीतून काढलास, बाबांनी ठेवायला सांगितला, आणि कपाटावर मी ठेवला, माझ्या या हाताने. कुणाही एकाने नाही म्हटलं असतं तर माझा भाऊ आज इथे चहा मागत बसला असता." ती कुलदीपकडे वळली. "तुमच्याशी खोटं बोललो, त्याची माफी मागते. पण तुमचे वडील म्हणाले, सुटला. तुम्ही ऐकलंत. तुम्हाला काही म्हणायचंय?"

कुलदीप वडिलांकडे बघत राहिला. त्याला जीभ होती, शब्द होते, कंपनीत तो दिवसभर बोलायचा. तो काही म्हणाला नाही.

मंडळी उठून गेली. सुगंधा बडबडत राहिली, की हे घर कधी वर येणार नाही. अंबिका भिंतीला टेकून बसली होती. तिने नणंदेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही पण जा आता."

रसिका हल्ली शनिवारी वासंती मॅडमच्या वर्गात जाते आणि चित्रं कापून देते. तक्ते घरी नेताना काही बाप विचारतात, याची सवय लागली तर पोरगं बोलायचा आळस नाही ना करणार? ती त्यांना बसवून घेते आणि सगळं सांगते. काहींना पटतं. काही मान हलवतात.

आणि आपण? आपण मुली बघायला जातो, पोहे खातो, घराण्याची चौकशी करतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं, ते दिसत असतं आपल्याला. त्यामागे कोण आहे, असं आपण विचारत नाही आणि मग घरी येऊन 'तसलं' म्हणतो. ते दार आपल्या धाकाने लोटलेलं असतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा विचारा, आत कोण आहे, त्याला बाहेर आणा, आमच्याशी बोलू द्या. आणि दार तुमच्याच घरातलं असेल, तर पाहुण्यांनी विचारायची वाट बघू नका.