माया राजाच्या दरबारातला कुकर

मी कुकर बोलतोय. साधा, ॲल्युमिनियमचा, चार माणसांच्या वरणभाताचा. आयुष्यभर मी फक्त शिट्ट्या मारल्या आणि पुढे त्याही बंद झाल्या. आज पहिल्यांदाच बोलतोय, तर ऐका.

पुण्यात रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून अबोलीने मला घेतलं. ती शाळेत इतिहास शिकवायची. तिच्या नवऱ्याला, अवधूतला, तोक्योत आयटीचं काम मिळालं आणि ती नोकरी सोडून त्याच्याबरोबर निघाली. दुकानदार म्हणाला, "परदेशात नेताय ना, मग स्टीलचा घ्या, शोभेल." ती म्हणाली, "शोभेला नाही, भाताला हवाय." मला तिथेच ती आवडली. विमानात मी पोटात तूरडाळ आणि गोडा मसाला घेऊन बसलो होतो.

तोक्योतल्या फुनाबोरी भागातल्या घरात स्वयंपाकघर असं नव्हतंच. दारातून आत आलं की शेगडी. तिथेच त्यांची लेक ओवी रांगायला लागली, चालायला लागली आणि वरणभात बघून तोंड फिरवायलाही लागली.

एकदा चॉकलेटच्या खोक्यावर तिने एक चित्र पाहिलं. नुसत्या पायऱ्याच पायऱ्या असलेलं उंच देऊळ.

"आई, हे कुणाचं घर?"

"माया नावाच्या लोकांच्या देवाचं. खूप खूप जुनं. जायचं का? कुकरची तिसरी शिट्टी झाली की निघू. दांडा धरल्यासारखा कर आणि डोळे मीट."

त्या दिवशी ओवीने सगळा भात खाल्ला आणि मी काळात मागे जाणारं यान झालो.

काय सांगू तुम्हाला तिथली मजा! आम्ही थेट माया राजाच्या दरबारात उतरलो. मी वाफ सोडली तसे सगळे दरबारी पालथे पडले. पुजाऱ्याने माझ्या शिट्ट्या मोजून दगडावर तीन टिंबं कोरली आणि जाहीर केलं, की नवा देव आला आहे, तो फार रागीट आहे आणि त्याच्या पोटात डाळ आहे. राजाने माझं झाकण मुकुट म्हणून डोक्यावर घातलं. ते अडकलं. चार सरदारांनी ओढूनही निघेना. शेवटी ओवीने ते तिरकं करून काढलं, तेव्हा राजाने खूश होऊन तिला कोको प्यायला दिला, साखर न घातलेला आणि वर मिरची टाकलेला. ओवी इथे दर वेळी "शीऽऽ" म्हणून जीभ बाहेर काढायची. मग ती राजपुत्राबरोबर रबरी चेंडूचा खेळ खेळायची. चेंडूला हात लावायचा नाही, कमरेने उडवायचा. ओवीने कमरेला शाळेचं दप्तर बांधून असा काही टोला हाणला, की चेंडू पुजाऱ्याच्या पिसांच्या टोपात जाऊन बसला.

"मग? मग?" ओवी ओरडायची.

"मग उद्या."

अबोलीचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा. वर्ग सुटला होता, पण शिकवणं सुटलं नव्हतं.

एके दिवशी लिफ्टमध्ये एक सूचना लागली. कुणाचंही नाव नव्हतं. काही घरांतून संध्याकाळी वाफेचा तीव्र आवाज येतो, शेजाऱ्यांचा विचार करावा, एवढंच. अबोलीने फोनवर भाषांतर करून वाचली आणि ती लाजेने लाल झाली. वर-खालच्या मजल्यांवर खोकी भरून गोड पदार्थ नेऊन दिले, वाकून वाकून माफी मागितली. तेव्हापासून शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद. डाळ बोटचेपी राहायची आणि मी आतल्या आत घुसमटायचो.

"शिट्टी नाही तर जायचं कसं?" ओवीने विचारलं.

अबोलीने तोंडाने शिट्टी वाजवून पाहिली. ओवी म्हणाली, "ही खोटी आहे."

गोष्ट तिथेच थांबली. मला वाटायचं, घाबरतो आपण तो लोकांच्या रागाला; पण हे लोक रागावतसुद्धा नाहीत, नुसता कागद चिकटवतात. त्याच्याशी भांडणार कसं?

ओवी मोठी होत गेली. अबोली मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची. आईला 'मामा' म्हणायला लागली, इथली सगळी मुलं म्हणतात तशी. पुण्याहून खऱ्या मामाचा फोन आला की घरात हशा पिकायचा. नंतर नंतर तोही पिकेना.

तिसरीत असताना शाळेत एक दिवस ठरला. मुलांनी स्वतः रचलेली चित्रगोष्ट वाचायची आणि आईवडिलांनी वर्गात मागे उभं राहून ऐकायची. ओवीने घरात कुणाला काही सांगितलं नाही. अबोली गॅलरीत कपडे वाळत घालत होती तेव्हा ओवीने चित्रं माझ्या अंगाला टेकवली आणि सराव केला. इतक्या वर्षांत मला जपानी कळायला लागलं होतंच. ऐकतो तर काय, आमचीच गोष्ट! तोच राजा, तोच अडकलेला मुकुट, तोच चेंडू. मी हरखून गेलो.

मग मी चित्रं नीट पाहिली. मुलीचं नाव होतं हारु. गोष्ट सांगणारी होती तिची जपानी आजी. आणि यान होतं विजेवर चालणारा राइस कुकर, भात झाला की गाणं वाजवणारा. माझं आडनाव लावून माझ्याच जागी बसलेला.

अबोली नवा कुर्ता घालून शाळेत गेली. परत आली तेव्हा बराच वेळ चपला न काढता दारातच उभी होती.

"ओवी, आपला कुकर कुठे गेला गं गोष्टीतला?"

ओवी आधी जपानीत काहीतरी पुटपुटली. मग मराठीत म्हणाली, "कुणाला माहीत नाही ना असला कुकर. मग मला एक्स्प्लेन करावं लागतं. सगळं मलाच एक्स्प्लेन करावं लागतं. डबा, टिकली, तुझं बोलणं..."

"माझं बोलणं?"

ओवी रडायला लागली. अबोलीने तिला जवळ घेतलं नाही. तिला घ्यायचं होतं, मला दिसत होतं. हात नुसते ओढणीशी चाळा करत राहिले.

रात्री जेवताना अवधूत म्हणाला, "अगं, गोष्टच तर आहे. वर्गातल्या सेन्सेईंनी कौतुक केलं ना? तू उगाच मनाला लावून घेतेस."

"गोष्टच होती रे," अबोली म्हणाली. "माझ्याकडे तेवढीच होती."

पुढच्या आठवड्यात घरात राइस कुकर आला. ओवीने नव्हता मागितला. अबोलीनेच आणला. त्याचा भात मऊ, मोकळा होतो, हे मला मान्य करावंच लागेल.

आज सकाळी तिने मला घासलं, पुसलं, रबराची रिंग काढून दुसऱ्या कचऱ्यासाठी बाजूला ठेवली. इथे मरतानाही वर्गवारी करावी लागते. मग पारदर्शक पिशवीत घालून मला इमारतीखाली, न जाळायच्या कचऱ्याच्या जागी ठेवलं.

थोड्या वेळाने ओवी शाळेला निघाली, मैत्रीण मिओबरोबर. मिओ वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, "नानि कोरे?" हे काय आहे?

ओवीने मला ओळखलं. ती थबकली. मग म्हणाली, "शिरानाइ." माहीत नाही.

वर गॅलरीत अबोली उभी होती, नेहमीसारखी, हात हलवायला. तिने ऐकलं. तिने हात हलवला. ओवीनेही हलवला. दोघी किती नीट वागल्या!

जुन्या वस्तूंनी निरोप घेताना 'माझी कुणाबद्दल तक्रार नाही' असं म्हणायची पद्धत आहे. माझी आहे. त्या पोरीबद्दल म्हणावी, तर ती नऊ वर्षांची. आईबद्दल म्हणावी, तर तिने मला शेवटी इतकं लख्ख घासलं. शेजाऱ्यांनी तर नावही घेतलं नव्हतं. कुणाच्या पदरात टाकू ही तक्रार? तुम्ही घेता का? घ्या. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर आली आहे आणि एवढी तक्रार सोडून माझ्यात काही उरलेलं नाही.